शुक्रवारी बंद पडणारी गाडी

आमची गाडी फक्त शुक्रवारी बंद पडते, हे आमच्या लक्षात यायला फार वेळ लागला. तोवर सगळा दोष एका म्हाताऱ्या माणसाच्या उजव्या पायावर जाऊन बसला होता.

मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन कुंभकोणमला आले. सासरची माणसं मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली. त्यांचं जुनं मराठी ऐकून मी हसले, माझं ऐकून ते हसले, फिटंफाट झाली. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, बाजारात कापडाचं दुकान होतं. ते आता माझा नवरा सांभाळतो. मामंजींकडे उरली ती गाडी. गाडी तरी कसली, तिच्या वयाच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. पेट्रोलचा काटा मेलेला, त्यामुळे टाकीत वेताची काडी बुडवून ती कुठवर भिजते ते बघायचं. दर शुक्रवारी मामंजी सासूबाईंना शेजारी बसवून तिरुप्पनंदाळला जात, आपल्या थोरल्या बहिणीकडे. आत्या अंथरुणाला खिळलेली. दारात हॉर्न वाजला की तिला कळायचं, आज शुक्रवार. आणि सासूबाई तर गाव मागे पडलं की मान टाकून झोपायच्या. "हे चालवतात तेव्हा मला पाळण्यात बसल्यासारखं होतं," असं त्या मला सांगायच्या.

मग गाडीला नवा रंग दिला आणि त्यानंतर हे सुरू झालं. वाटेतलं चोळपुरम ओलांडलं की गाडी आचके देई, खोकल्यासारखं करी आणि बंद पडे. पाव तास रस्त्याकडेला उभं राहिलं की पुन्हा सुरू. मेकॅनिकने प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, पेट्रोलचा पंप नवा घातला. दोन दिवस गावभर फिरवून म्हणाला, गाडीला काही रोग नाही. नवऱ्याने दुकानापर्यंत नेऊन आणून पाहिली. कुरकुर नाही. शुक्रवारी मामंजी बसले की चोळपुरमच्या पुढे बंद.

एका रात्री जेवताना नवरा म्हणाला, "अप्पा, गाडी माझ्या हातात बंद पडत नाही, मेकॅनिकच्या हातात पडत नाही. तुमचा पाय सुटतो अ‍ॅक्सिलरेटरवरून. तुम्हाला कळत नसेल."

मामंजी ताकभात कालवत राहिले. "असेल," म्हणाले.

"असेल काय, मामंजी?" मी म्हणाले. माझं डोकं जरा लवकर तापतं. "इतकी वर्षं चालवताय, कधी सुटलाय का पाय?"

"तू मध्ये बोलू नकोस," नवरा म्हणाला. "आणखी एकदा बंद पडली की विकायची. गिऱ्हाईक तयार आहे. आत्याकडे भाड्याची गाडी करून जातील."

भाड्याच्या गाडीने आत्या भेटली असती, यात वाद नव्हता. पण मामंजी आजवर बायकोला घेऊन जात होते, आता दोघांना कुणीतरी नेणार होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे मामंजींना ते पटायला लागलं होतं. पेपर वाचताना ते खुर्चीखाली उजवा पाय दाबून बघायचे. पायऱ्या उतरताना पायाकडे बघत उतरायचे. सासूबाईंची गाडीतली झोप तर उडालीच होती. दाराची मूठ धरून त्या सगळी वाट "विठ्ठल विठ्ठल" पुटपुटत बसायच्या. "ती जागी असली की मला भीती वाटते," असं मामंजी मला एकदा मागच्या अंगणात म्हणाले. तेव्हाच मी ठरवलं, तो पाय एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचा.

पुढच्या शुक्रवारी मी शिकवते त्या शाळेत रजा टाकली आणि त्यांच्या मागे जाऊन बसले, अशी की मामंजींचा पाय दिसावा. मी चोळपुरमपर्यंत दुसरं काही बघितलं नाही. पाय पक्का होता. मग आचके आले, इंजिन खोकलं, बंद पडलं, आणि पाय होता तिथेच होता.

"बघितलंस ना?" मामंजी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून म्हणाले. "पाय ऐकत नाही."

"पाय जागचा हललासुद्धा नाही," मी म्हणाले. "पेट्रोल संपलं असेल." काडी घेऊन उतरले आणि मागच्या बाजूला टाकीचं झाकण फिरवलं. सुस्सकन आवाज झाला, जणू टाकीने श्वास आत ओढला. काडी अर्धी भिजली. पेट्रोल होतं. झाकण लावलं, मामंजींनी किल्ली फिरवली, गाडी लगेच सुरू. पाव तास थांबावंच लागलं नाही.

थोडं पुढे गेलो आणि पुन्हा बंद. पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा सुस्स, पुन्हा सुरू. तेव्हा मी बोटाकडे बघितलं. बोटाला ओलं गंध लागलं होतं.

आमच्याकडे साताऱ्याला तेलाचा डबा फोडताना आजी दोन भोकं पाडायची. एकच पाडलं तर तेल येत नाही, दुसऱ्यातून हवा आत जावी लागते. टाकीच्या झाकणालाही मधोमध तसंच बारीक भोक होतं. त्यावर चंदनाचं जाड गंध, त्यावर कुंकू, भोक गच्च बुजलेलं. आत हवा जाईना म्हणून बाहेर पेट्रोल येईना. शनिवारी ते सुकून पडायचं, नाहीतर मेकॅनिक आधी गाडी धुवायचा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि फाशी मात्र पायाला.

मी झाकण हातात घेऊन सासूबाईंच्या खिडकीशी गेले. "आई, इथे गंध कुणी लावलं?"

"मीच लावते, शुक्रवारचं," त्या म्हणाल्या. "आधी पुढे लावायची. रंग दिल्यावर तुझा नवरा म्हणाला, आई, बॉनेटवर नको, डाग पडतो. मग म्हटलं, ही खाते तिथे लावावं."

मामंजींनी झाकण माझ्या हातातून घेतलं. पिनेने भोक मोकळं केलं, धोतराच्या टोकाने पुसलं. रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. आम्ही तिरुप्पनंदाळला जाऊन आलो, गाडीने एकदाही मान टाकली नाही.

संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं, त्याने आईला काय सांगितलं होतं तेही सांगितलं, आणि जरा चढ्या आवाजातच सांगितलं. तो उठला. मग वडिलांपाशी जाऊन उभा राहिला. "अप्पा, पाय नव्हता हो."

"सरी," मामंजी म्हणाले. इथे 'बरं' म्हणायला सरी म्हणतात. एवढंच म्हणाले.

मला वाटलं, झालं, मिटलं. पण पुढच्या शुक्रवारी सासूबाईंनी मागच्या नंबरप्लेटला गंध लावलं आणि मामंजींनी किल्ली माझ्यापुढे धरली. "तूच चालव आज." इंजिनाचा दोष पिनेने निघाला होता. इतके महिने सगळ्यांनी मिळून त्यांच्या मनात घातलेला निघाला नव्हता.

"मी मागे बसणार," मी म्हणाले आणि जाऊन बसलेसुद्धा.

ते बसले. आधी पायाकडे बघितलं. गाडी इतकी हळू नेली की रिक्षावाले वळून बघत पुढे जात होते. चोळपुरम आलं तसे त्यांचे खांदे वर चढले. चोळपुरम गेलं. गाडी चालत होती, खांदे तसेच.

मग माझ्या लक्षात आलं की बराच वेळ विठ्ठलाचं नाव ऐकू येत नाही. सासूबाईंची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं, दाराची मूठ सुटलेली. मामंजींनीही ते बघितलं. एकदा बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं, आणि गाडीने वेग घेतला.

तिरुप्पनंदाळला आत्याच्या दारात त्यांनी हळूच इंजिन बंद केलं. सासूबाई झोपेतच होत्या. मामंजींनी त्या दिवशी हॉर्न वाजवला नाही.