बाबांचं इंग्रजी

बाबांना इंग्रजी येत नव्हतं, हे परळच्या आमच्या चाळीत तिघांनाच ठाऊक होतं: त्यांना, आईला आणि मला. गिरणीच्या कचेरीतली कारकुनाची जागा त्यांनी ‘इंग्रजी येतं’ असं छातीठोकपणे सांगून मिळवली होती. ती थाप निस्तरत होते मी. रोज संध्याकाळी ते मला खात्याचा रिपोर्ट मालवणीत सांगत, मी तो इंग्रजीत लिही, आणि सकाळी चहा घेता घेता ते तो आपल्या अक्षरात उतरवून काढत. अक्षर मात्र मोत्यासारखं.

मला मॅट्रिक होऊन दोन वर्षं झाली होती. पुण्याला जाऊन मास्तरणीचा कोर्स करायचा होता. विषय काढला की बाबा म्हणत, “जरा थांब गो. मराठी राज्य येवंदे. मगे कचेरीत सगळा मराठीतच चलतला.” शिवाजी पार्कच्या सभांहून ते घसा बसवून येत. मीही त्यांच्याबरोबर जाई. माझ्याइतक्या कळकळीनं तिथं कुणी घोषणा दिल्या नसतील.

एका रविवारी चळवळीतले दोन कार्यकर्ते वही घेऊन आले. कुठल्या घरात कुठली भाषा बोलतात, इंग्रजी कुणाला येतं, हे ते दारोदार लिहून घेत होते.

“आमी मालवणी बोलताव,” आई स्टोव्हपाशून म्हणाली.

“मराठी लिहा,” बाबा म्हणाले.

“आणि इंग्रजी?”

“मला येतं.”

शेजारच्या खोलीतला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, बाबांच्याच गिरणीतला. तो दारातच उभा होता.

“मुलीला?”

“शाळेत शिकली तेवढंच. आता विसरली.”

मीही ‘हो’ म्हणून मान हलवली. मला रागसुद्धा आला नाही, इतकी मी त्या रिपोर्टांना कंटाळले होते.

मग एकदाचं राज्य आलं. चाळीत रोषणाई झाली, बाबांनी पेढे वाटले. मी पुण्याचा अर्ज भरून ट्रंकेत ठेवला. दोन दिवसांनी बाबा कामावरून आले आणि नेहमीसारखा कोरा कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

“आता मराठीत चलना नाय?” मी विचारलं.

“साहेबाक खंय मराठी येता? आणखी एक वरीस कळ काढ.”

“त्या वहीत तुमकाच इंग्रजी येता असा लिवलेला आसा, बाबा. तुमीच लिवा.”

असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. बाबांनी कागद आपल्याकडे घेतला, पेन उघडलं, कोपऱ्यात तारीख घातली. पुढे काही सुचेना. ते नुसते कागदाकडे बघत बसले. आईनं पानं घेतली होती, भात निवत होता. इतके म्हातारे ते मला त्याआधी कधी दिसले नव्हते, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

मी कागद ओढून घेतला.

“सांगा,” म्हटलं.