रेघेच्या दोन बोटं खाली

उजव्या हाताची दोन बोटं आडवी करून तो थेट तुमच्या नाकासमोर धरायचा आणि म्हणायचा, "अजून दोन बोटं खाली हाय!" नखांत डांबर, तोंडाला तंबाखूचा वास आणि चेहऱ्यावर असा भाव की समुद्र याच्याच परवानगीने उठतो-बसतो. असा एखादा सर्वज्ञ तुमच्याही गावात असेलच. आमच्या वाट्याला हा आला होता.

आमचं गाव खाडीकाठचं. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा लांब बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला त्याला एक दार. त्याला उघाडी म्हणतात. उघाडीच्या लाकडी खांबावर या म्हाताऱ्याच्या बापाने एक रेघ ओढलेली. नियम साधा होता. उधाणाचं पाणी रेघेला टेकलं की घरटी एक माणूस निघायचा आणि सगळ्यांनी मिळून बांध उंच करायचा. टेकलं नाही, तर सगळे घरी. रेघेची राखण वारशाने याच्याकडे आली आणि त्या अधिकाराचा माज काय सांगावा!

पावसाळ्याआधी तो पहाटे एकटाच जाऊन खांबाला डांबर फासायचा, कीड लागू नये म्हणून, आणि मग रेघ नव्याने रंगवायचा. रंगही दुसऱ्यांचाच. कुणाच्या होडीचा उरलेला निळा, देवळाच्या दाराचा भगवा, शाळेच्या खिडक्यांचा हिरवा. आम्ही बांधाच्या पूजेचा नारळ घेऊन पोचेपर्यंत रेघ ओली असायची आणि हा कमरेवर हात ठेवून उभा.

मी गावच्याच शाळेत विज्ञान शिकवतो. एकदा फळ्यावर कार्बनचं चक्र काढत होतो. चिमणीतून हवेत, हवेतून झाडात, झाडातून मातीत, हवेतून समुद्रात, असे बाणच बाण. हा खिडकीत उभा राहून ऐकत होता. जन्म कारखान्याच्या बॉयलरवर काढलेला माणूस. धुरातलं मला कोण शिकवणार, ही त्याची ऐट.

"मास्तर, धूर जातो वर. पानी असतंय खाली. त्यांची गाठ पडली कुठं?"

मी म्हटलं, "काका, कोळसा आणि तेल जाळून निघालेला वायू हवेत साठतो आणि उष्णता अडवून धरतो. ती बहुतेक उष्णता समुद्र गिळतो. तापलं की पाणी फुगतं, बर्फ वितळून त्यात भर पडते, म्हणून भरती चढते. त्यातला बराच वायूही पाण्यात मुरतो, मग पाणी आंबटपणाकडे झुकतं, शिंपल्यांची कवचं..."

"आंबट? मंग कालवनात कोकम टाकायची गरज न्हाय!"

पोरं खदाखदा हसली. माझा तास गेला तो गेलाच. त्या दिवसापासून मी त्याला गाढवात काढलं.

भरती चढतेय हे आम्हाला डोळ्यांनी दिसत होतं. खाडी गाळाने उथळ झाली होती, तेही आलंच. ग्रामसभेत मी दोनदा बोललो. दोन्ही वेळा हा उठला, बोटं आडवी धरली, आणि सभा चहाला गेली. खरं सांगू? आम्हालाही तेच हवं होतं. चिखलाच्या पाट्या वाहायची हौस कुणाला होती?

मग एका भाद्रपदात अमावास्येच्या उधाणाला बांध फुटला. भात पोटरीला आलं होतं. सगळ्यात आधी याचंच शेत खाऱ्या पाण्याखाली गेलं, मग माझं, मग सगळ्यांचं. भगदाड भरायला गेलो तर ते दर भरतीला रुंदच होत गेलं. म्हाताऱ्याला त्याची लेक पनवेलला घेऊन गेली. निरोप द्यायला कुणी गेलं नाही. मीही नाही.

उघाडीचा खांब चिखलात आडवा पडला होता. उन्हाने डांबराचे पोपडे सुटले होते आणि एका ठिकाणी खाली हिरवं काहीतरी दिसत होतं. मी खिशातल्या चावीने खरवडत गेलो. भगवी रेघ, निळी, हिरवी, एकीखाली एक, बोट-दोन बोटांच्या अंतराने. आणि सगळ्यांत खाली छिन्नीने कोरलेली बापाची रेघ. ज्या ज्या वर्षी पाणी टेकलं, त्याच्या पुढच्या पावसाळ्याआधी हा लबाड जुन्या रेघेवर डांबर फासून नवी रेघ वर काढत होता!

तडक पनवेल गाठलं. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत तो खुर्चीत बसला होता, वाळून अर्धा झालेला. मी मोबाइलमधला खांबाचा फोटो त्याच्या नाकासमोर धरला. "हे काय, काका?"

त्याने फोटोतल्या एका रेघेवर बोट ठेवलं. "ही हिरवी, तू शाळेत मास्तर लागलास त्या सालची."

"तुम्हाला सगळं ठाऊक होतं! आणि मला पोरांसमोर हसलात?"

"ठाऊक नसंल कसं? दर उधानाला मीच जायचो बगायला." मग खाली बघत म्हणाला, "पानी चढतंय असं एकदा तोंडातून गेलं असतं, तर जमिनीचं दलाल दारात उभं ऱ्हायलं असतं. आधीच निम्मं गाव इकायला टपलेलं. शेती ऱ्हायला पायजे होती, मास्तर."

"मग राहिली का?"

कीव आली मला त्याची, पण चीड त्याहून जास्त आली. वेळेवर बोलला असता तर कुरकुरत का होईना, पाट्या उचलल्या असत्या आम्ही. हे सगळं मी त्याला ऐकवलं.

मी निघालो तेव्हा तो म्हणाला, "आता कुठवर येतंय?"

मी मांडीवर हात ठेवून दाखवलं. "माझ्या शेतात, उधाणाला, इथवर."

त्याने माझं मनगट धरलं आणि हात दोन बोटं वर सरकवला. "पुढल्या भादव्याला हितं."

दिवाळीनंतर तो गेला.

यंदा भाद्रपदाच्या अमावास्येला भर दुपारी मी माझ्या शेतात जाऊन उभा राहिलो. आता तिथे भाताऐवजी खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या कांदळाची रोपं उगवली आहेत. पाणी गुडघ्यावर आलं, मांडीवर आलं, आणि त्याने माझा हात ठेवला होता बरोबर तिथे येऊन थांबलं. मी त्याला एक सणसणीत शिवी हासडली.

"मेल्या, एवढं कळत होतं, तर खिडकीत कशाला उभा राहिलास? आत फळ्यापाशी यायचं होतंस!"