नाखव्यांची सून भरतेश्वराच्या देवळात

पनवेलच्या मासळी बाजारात चंद्रावती नाखवा कोणाच्या बापाला घाबरत नसे. उगाच घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती दोन शब्दांत गप्प करी, शेजारणीची पाटी आपल्या जागेत सरकली तर पायाने मागे लोटी, आणि सुरमई ताजी आहे का असं कोणी विचारलंच, तर कल्ला उघडून त्याच्या नाकासमोर धरी. पण या बाईच्या मनात एक भीती लग्नाच्या वर्षापासून ठाण मांडून बसली होती, आणि ती भीती एका देवळाची होती.

देऊळ भरतेश्वराचं. जासईच्या पुढे, कंटेनरच्या यार्डांमागे, खाडीच्या अगदी काठावर. तिथलंच छोटं गाव तिचं सासर. जमिनी गेल्या, खाडीत मासळी उरली नाही, तसे काशिराम आणि चंद्रावती पोराला घेऊन पनवेलला राहायला आले. पण भीतीला घर बदललेलं कळत नाही. ती सामानाबरोबर आलीच.

चंद्रावती मूळची करंजाची. लग्न होऊन आली त्या साली महाशिवरात्रीला ती घरात न विचारता गावच्या बायांबरोबर भरतेश्वराला गेली, गाभाऱ्यात उतरली, पिंडीवर बेल वाहून आली. तेव्हा तिला दिवस गेले होते. पुढे तिला मुलगी झाली, पण ती रडलीच नाही. बाळंतिणीच्या खाटेपाशी बसून सासूने, शांतीने, हळूच विचारलं की तू देवळात गेली होतीस का. चंद्रावती हो म्हणाली. शांतीने मान खाली घातली आणि सांगितलं, नाखव्यांच्या बाया देवळापुढच्या दगडाच्या पलीकडे जात नाहीत. फार पूर्वी त्यांच्या घरातली एक बाई विटाळाची आत गेली, तर देवाने तिचा दगड केला. तो दगड अजून दारात उभा आहे. त्यावर गाढव कोरलंय आणि गाढवाखाली ती बाई.

शांती हे एकदाच बोलली. पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही, टोमणाही मारला नाही. पण ते एकदाच बोललेलं चंद्रावतीला जन्माला पुरलं. पुढे भावेश झाला, धडधाकट झाला, शिकला, नोकरीला लागला. तरी बाजारात कोणी भरतेश्वराचं नाव काढलं की तिचा सुरीवरचा हात क्षणभर थांबे.

भावेशची बायको मोनाली कळंबोलीची. कॉलेजात तिने इतिहास घेतला होता, आणि तिला शिकवणाऱ्या नीता मॅडम अजून अधूनमधून रविवारी जुन्या विद्यार्थ्यांना गोळा करून आसपासची जुनी देवळं दाखवायला नेत. त्या वर्षी माघात मोनालीला सहावा महिना लागला होता. एका संध्याकाळी भाजी निवडताना ती सहज म्हणाली, की या रविवारी मॅडम आपल्याच गावी जाणार आहेत, भरतेश्वराला.

चंद्रावतीने रस्त्याचं कारण काढलं. ट्रेलर धावतात, खड्डे आहेत, पोटुशा बाईने कशाला जायचं. मोनाली म्हणाली मॅडमची गाडी आहे, सावकाश नेतील. भावेशही म्हणाला, जाऊ दे गं, घरात बसून कंटाळलीय. खरं कारण सांगायला चंद्रावतीची जीभ रेटेना. पहिल्या पोरीची गोष्ट सुनेला सांगायची, तीही अशा दिवसांत? शेवटी ती एवढंच म्हणाली, की मग मीपण येते. मनात तिने ठरवून टाकलं होतं, दगडापाशी पोचलं की आपल्याला चक्कर आली म्हणून खाली बसायचं. सासूला तशी टाकून सून काही आत जायची नाही.

रविवारी सकाळी सगळे देवळाशी पोचले तेव्हा खाडीला भरती लागली होती. यार्डांतल्या कंटेनरच्या निळ्या-तांबड्या भिंती संपल्या की एकदम खारफुटीची हिरवी गर्दी लागते, आणि तिच्या कडेला ते काळं, बुटकं देऊळ बसलेलं दिसतं. नीता मॅडम सांगत होत्या, की हे शिलाहार राजांच्या काळातलं असावं, आठ-नऊशे वर्षांचं. दगडावर दगड नुसते बसवले आहेत, मधे चुना नाही. नंतर कोणीतरी वर सिमेंट फासलं आणि ऑइलपेंट लावला, तो सोडा, खाली बघा. खाली खांबांवर फुलं होती, हंस होते, एका कोपऱ्यात पोट सुटलेला एक बुटका गण दोन्ही हातांनी छत तोलत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर त्या ओझ्याचा वैताग स्पष्ट दिसत होता. चंद्रावतीने यातलं काही पाहिलं नाही. ती फक्त मोनालीचे पाय कुठे पडतात ते बघत होती.

दारासमोर तो दगड होता. कमरेपेक्षा उंच, एका बाजूला कललेला, शेंदराने माखलेला. मोनाली त्याला वळसा घालून पायरीकडे निघाली आणि चंद्रावतीला चक्कर-बिक्कर काही आठवलं नाही. तिने सुनेचं मनगट घट्ट धरलं.

"थांब. पुढं जावाचं नाय."

सगळे वळून बघायला लागले. मोनालीने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा चंद्रावतीला बोलावंच लागलं. दगडाची गोष्ट तिने सगळ्यांसमोर सांगितली. महाशिवरात्रीची आणि मुलीची मात्र खालच्या आवाजात, सुनेकडे न बघता सांगितली. मोनालीने मनगट सोडवून घेतलं नाही. ती तिथेच, दगडाच्या अलीकडे, सासूला चिकटून उभी राहिली.

नीता मॅडमनी लगेच काही शिकवायला घेतलं नाही. त्या दगडापाशी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, मी यावर काय लिहिलंय ते सांगू का? मग आत जायचं की नाही ते तुम्हीच ठरवा."

त्यांनी वरचा शेंदूर बोटाने जरा बाजूला केला. आत चंद्राची कोर आणि सूर्य होता. चंद्र-सूर्य आहेत तोवर, असा त्याचा अर्थ. त्याखाली झिजलेल्या अक्षरांच्या ओळी. देवाच्या दिव्याबत्तीसाठी राजाने जमीन दिली, त्याची ती नोंद. आणि खाली गाढव आणि बाई. असे दगड कोकणात बऱ्याच ठिकाणी आहेत, त्यांना गधेगाळ म्हणतात. गाळ म्हणजे शिवी. ही देवाची जमीन जो लाटेल त्याच्या आईची अशी अब्रू जाईल, असा तो दम आहे. ही बाई कोणाच्या घरची नाही, ती देवळात गेलेली नाही, आणि तिचा दगडही झालेला नाही.

चंद्रावतीने ते चित्र पहिल्यांदाच जवळून, नीट पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे जमीन खाल्ली बाप्यानं, नि शिवी त्याच्या आयेला?"

"तेव्हाही तसंच होतं, काकू," मॅडम म्हणाल्या, आणि दोघी-चौघी हसल्या. चंद्रावतीही हसली, पण तिचे पाय काही हलले नाहीत. दगडाचं समजलं. पण घरातली बंदी? ती तर शांतीच्या सासूपासून चालत आलेली.

एवढा वेळ देवळाचा गुरव, विनायक, पायरीवर बसून हे ऐकत होता. नाखवा नाव ऐकून तो उठून जवळ आला. चंद्रावतीच्याच वयाचा माणूस. काशिरामला तो लहानपणापासून ओळखत होता. त्याने विचारलं, "काशिरामची बायको ना तुमी? भरतेश्वराची गोष्ट तुमाला घरात कोनी सांगितली नाय?"

मग त्याने ती सांगितली. एका कोळ्याची होडी वादळात गेली ती परत आली नाही. त्याची बायको इथेच खाडीत उतरली, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि देवाला म्हणाली, माझा माणूस आण, नाहीतर मी हलत नाही, भरती मला घेऊन जाऊ दे. पाणी छातीला लागलं, गळ्याला लागलं. तेव्हा देव भरतीबरोबर वर आला आणि तिच्या पायाखाली पिंड होऊन उभा राहिला. पाणी वाढेल तशी पिंडही वाढत गेली, बाई बुडली नाही. ओहोटीबरोबर तिच्या नवऱ्याची होडी किनाऱ्याला लागली. म्हणून हा भरतेश्वर. आजही खाडी भरली की गाभाऱ्यातल्या कुंडाचं पाणी चढतं.

"ती बाय नाखव्यांच्या घरची," विनायक म्हणाला. "म्हनून नारली पुनवेला पयला मान तुमच्या घरच्या बायांचा होता. दगडापाशी थांबावाचं, हळदकुकू वाहावाचं, नि मंग सगल्यांच्या आधी आत जावाचं."

मग बंदी कुठून आली, ते मोनालीने विचारलं. विनायक थोडा ओशाळला. त्याच्या आजाने त्याला सांगितलं होतं, की पूर्वी एका पुनवेला गुरवांनी हट्टाने दुसऱ्या घराचा नारळ आधी चढवला. त्यावरून मारामारीच व्हायची बाकी राहिली. नाखव्यांचा म्हातारा रागाने पायरी उतरला आणि बोलला, आजपासून आमच्या घरची बाई या दगडापुढे येणार नाही. भांडणारे दोघेही गेले. भांडण कशाचं होतं तेही लोक विसरले. बंदी तेवढी राहिली, आणि बंदीला कारण हवं म्हणून कोणीतरी या दगडाकडे बोट दाखवलं असेल.

चंद्रावती विनायककडे वळली. मग जे विचारायचं होतं ते तिने विचारलं.

"मंग माजी पोर?"

विनायक म्हणाला, "माज्या भयनीची पयली पन तशीच गेली, वयनी. ती तर या देवलातच वाढली, रोज झाडलोट करावाची. देव काय पोरं मोजत बसलाय का कोनाची?"

हे ऐकलं आणि चंद्रावती खाली बसली. चक्कर मात्र आली नव्हती. ती रडली, पण ते रडणं लवकर आटोपलं. पदराने तोंड पुसून तिने विनायककडे हळदकुंकू मागितलं. दगडावरच्या त्या शिवी खाणाऱ्या बाईला तिने आधी बोटं लावली, मग मोनालीचा हात धरून पायरी चढली.

गाभारा जमिनीखाली होता, गार आणि काळोखा. कुंडातलं पाणी खरंच चढत होतं, पिंडीच्या तळाला हळूहळू भिडत होतं. मोनालीने वाकायचं नाही म्हणून चंद्रावतीने दोघींच्या वतीने वाकून पाण्याला हात लावला. पाणी खारट होतं. खाडीचंच होतं ते.

घरी आल्यावर तिने काशिरामला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, की लहानपणी महाशिवरात्रीला आई त्याच्या हाती नैवेद्य देऊन त्याला देवळात पाठवायची आणि स्वतः बाहेर रस्त्याच्या वळणावर उन्हात उभी राहायची. तो परत आला की विचारायची, आत कसं हाय रं? चंद्रावतीला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं, की शांतीने आपल्यावर ते ओझं टाकलं. तिने टाकलं नव्हतं, तिच्याकडे होतं तेवढं दिलं होतं. त्या दुपारी सासूच्या तसबिरीसमोर ती थोडा वेळ बसली आणि आत कसं आहे ते तिला सांगून आली.

वैशाखात मोनालीला कळा सुरू झाल्या. पनवेलच्या दवाखान्यात भावेश जिन्यात येरझाऱ्या घालत होता, काशिराम उगाच चहा आणायला जात होता. चंद्रावती मात्र बाहेरच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसली होती. नर्स बाहेर आली, मुलगी झाली, दोघी छान आहेत, असं म्हणाली, तरी चंद्रावती उठली नाही. काशिराम घाबरून जवळ गेला. तिला गाढ झोप लागली होती, आणि ती चक्क घोरत होती.