गोड पाण्याची विहीर

रजियाबीला मी पहिल्यांदा पाहिलं ते चुलीपुढे, आणि तेही परक्याच्या परसात. अचलपुरातल्या आमच्या गल्लीत खुशालरावांचं घर विकायला निघालं होतं. येणारं गिऱ्हाईक भिंती ठोकून बघे, कौलं बघे. या बाईने विहिरीचं पाणी शेंदलं, तीन विटा मांडल्या आणि पदराची गाठ सोडून तुरीची दाळ शिजत घातली. नवरा फारुख, कापूस पिंजणारा, सुकल्या तोंडाने बाजूला बसला होता.

ती दोघं दर्यापूरकडची, खारपाणपट्ट्यातली. तिथल्या विहिरींचं पाणी खारट, त्यात दाळ कितीही उकळा, दाणा दाणाच राहतो. त्यामुळे घर घेताना आधी दाळ शिजवून बघायची, ही त्यांच्याकडची रीत. त्या पाण्याने फारुखच्या किडन्या बिघडल्या होत्या. नवऱ्याच्या पोटात आता तरी गोडं पाणी जावं, एवढ्यासाठी रजियाबीने गावचं घर मोडलं होतं.

दाळ शिजली. तिने ती बोटाने दाबली, फारुखला चाखवली आणि दोघं लहान मुलांसारखी हसली.

"लोन्यावानी झाली," खुशालराव म्हणाले. "असं पानी हाय का तुमच्याकडं?"

यात खोटं काहीच नव्हतं. तीच तर त्या गृहस्थांची हुशारी.

रजियाबी तोंडाची फटकळ आणि हाताची गुणी. गल्लीत तिने भरलेली रजई नाही असं घर उरलं नाही. मला म्हणायची, "मास्तर, तुमच्यापरीस तुमची रजई जास्त काम करते." मी तिच्यावर रागावू शकत नसे. फारुखही पहिले काही महिने टवटवीत दिसू लागला होता.

मग त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. हात थरथरू लागले, तोंडातून लाळ गळू लागली. सगळे म्हणाले, किडन्याच. जुनं दुखणं असलं की नवं कोण शोधतं? रजियाबी त्याला विहिरीचं ताजं पाणी पाजत राहिली. तो नको म्हणे, ती रागावून पेला तोंडाला लावी. रमजानच्या आधी तो गेला.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीच्या ओट्याचा पाया खणायला माणसं लावली. कुदळ पत्र्यावर आदळली आणि असा वास उठला की खणणारे पळत बाहेर आले. विहिरीपासून हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर फवारणीच्या औषधाचे डबे पुरलेले, गंजून फुटलेले. खुशालरावांचं याच औषधांचं दुकान होतं. दोन हजार चार-पाचचा तो काळ. शेती बुडाली, तशी दुकानं बसली. मुदत संपलेला माल कंपनी परत घेईना, तेव्हा त्यांनी तो रिकाम्या घराच्या परसात गाडला आणि घर विकून टाकलं. तेच पाणी रजियाबीही प्यायली होती, पण फारुखच्या बिघडलेल्या किडन्यांना ते सोसलं नाही.

ती त्यांच्याकडे गेली, मी सोबत होतो.

"तुमी सांगतलं कावून नाई, भाऊ?"

"तुमी पान्याचं इचारलं, बाई. पानी गोड हाय का नाई? जमिनीत काय हाय, हे तुमी कदी इचारलं?"

या माणसाची आजही मला चीड येते. परत येताना ती एवढंच म्हणाली, "म्या माया हातानं पाजलं, मास्तर."

पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासायला दिलं. मीठ बघितलं, जंतू बघितले, पिण्यास योग्य म्हणून कळवलं. औषधाची तपासणी इथे होत नाही म्हणे. सरकारी दाळ तेवढी शिजली.

आता तिला घर विकून अकोल्याला लेकीकडे जायचं होतं. लेक अफसाना फोनवर सांगे, "अम्मी, तू बोलूच नको ना. कोनी इचारनार नाई." पण रजियाबी येणाऱ्याला उंबऱ्यातच सगळं सांगे, आणि माणूस चप्पल न काढताच परत फिरे. मी मनातून तिच्यावर चिडायचो. मग दुर्गाबाई आली, नवरा देवमन आणि कडेवर पोर घेऊन. तीही खारपाणातलीच. तिने पदरातून दाळ काढली.

"हे पानी पिऊ नका," रजियाबीने सगळं सांगितलं.

दुर्गाबाईने ऐकून घेतलं आणि चूल पेटवली. दाळ शिजल्यावर ती शांतपणे म्हणाली, "आमच्या गावचं पानी तरी कुठं जगवते, माय? हे निदान गोड हाय. आमी घेतो." पोराच्या ओठाला तिने बोटाने वरण लावलं. रजियाबीने झटक्यात ते पुसून काढलं.

आठवड्याभराने दुर्गाबाई सौदा पक्का करायला आली, तेव्हा विहीर मुरमाने तोंडोतोंड भरलेली होती. ट्रॅक्टरवाल्याला रजियाबीने कानातलं काढून दिलं होतं. बिनविहिरीच्या घराला आता कोण विचारणार, अकोला तर सुटलंच. दुर्गाबाई काठावर बसून रडली. गोड्या पाण्यासाठी माणसं अशी रडतात, हे मी तेव्हा पाहिलं.

"आमाले तरी इचाराचं होतं, माय," ती म्हणाली.

"इचारलं असतं," रजियाबी म्हणाली, "तं तू हो म्हनली असती."