एका घराचा एक कागद

हे श्रावणात गेले. सोयाबीन पिवळं पडायला लागलं तेव्हा बँकेच्या निवृत्तांच्या विम्याचं पाकीट आलं. दरवर्षी यायचं, पण या वेळी त्यावर माझं नाव होतं आणि नावाआधी श्रीमती. मी ते लगेच फोडलं नाही. टीव्हीवर ठेवलं, मग कपाटात, मग पुन्हा टीव्हीवर. घरात मी एकटीच. कोणापासून लपवायचं नव्हतं, तरी जागा बदलत राहिले.

ह्यांची सगळी नोकरी इकडेच झाली. मानोरा, मेडशी आणि शेवटी हे वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव. कॅशियर म्हणून लागले आणि बरीच वर्षं कॅशियरच राहिले. मी मालेगावच्या सार्वजनिक वाचनालयात मानधनावर होते, त्यामुळे मला माझं पेन्शन नाही. मूलबाळ झालं नाही. ह्यांच्या मागे मला दोन गोष्टी उरल्या, आटून आलेलं फॅमिली पेन्शन आणि माझा जुना दमा.

पाकीट फोडलं तेव्हा आत एक पुस्तिका निघाली. वाचण्यात माझा जन्म गेला, म्हणून पेन्सिल घेऊन बसले. योजना दोन होत्या. पहिलीत दवाखान्यात भरती झालं तरच पैसे मिळणार. दुसरीत भरती न होता, घरी राहून घेतलेल्या औषधांचेही मिळणार, ठरावीक आजारांसाठी. त्या आजारांत दमा होता. दुसरीचा हप्ता इतका होता की तो कापला गेला तर पेन्शनमध्ये वीज, किराणा आणि गॅस एवढंच बसत होतं. पहिलीचा परवडत होता, पण तिच्यात पंप बसत नव्हता. पंप म्हणजे तोंडात धरून औषध ओढायचा तो. सकाळ-संध्याकाळचा एक आणि दम लागला तर वेगळा, शिवाय कॅप्सूल. एवढं सगळं पदरचं घेणं मला शक्य नव्हतं आणि न घेणंही शक्य नव्हतं.

एकदा पहिली योजना घेतली की पुन्हा दुसरीत येता येत नाही, असं ठळक अक्षरात छापलं होतं. म्हणजे आता जे ठरवायचं ते मरेपर्यंतचं. दुसरी घ्यायची, हे मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. मग पान उलटलं आणि खालचा बारीक मजकूर वाचला. घरच्या औषधांचा दावा करायचा तर त्या आजारावर गेलं वर्षभर उपचार चालू असल्याचा डॉक्टरचा कागद हवा, आणि तो रुग्णाच्या स्वतःच्या नावानं हवा.

माझ्या नावाचा कागद कुठेच नव्हता.

हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. आमच्या भागात वाटणार नाही. वाशीमचे आमचे डॉक्टर भले. नवरा-बायको दोघं आले तर फी एकदाच घ्यायचे आणि दोघांचं औषध एकाच कागदावर लिहायचे. पुष्कळ घरांचं असंच चालतं. कागद घरधन्याच्या नावानं, वरची औषधं त्याची, खालची तिची. मेडिकलवालाही दोन पिशव्या करून देतो. ह्यांना साखर होती. दमा फक्त मला. पहिल्या वेळी डॉक्टरांनी माझी छाती तपासली, मग ह्यांच्याच कागदावर चार ओळी खाली माझा पंप लिहिला. पुढं तर मी जायचेही नाही. हेच जायचे. "तू कायले हेलपाटा घेतं? तुले काय होते ते मले ठाऊक आहे, मी सांगतो ना," म्हणायचे. आणि खरोखर सांगायचे. पायऱ्या चढताना किती वेळा थांबते, कोणत्या कुशीवर झोपले की घरघर वाढते, हे मला नसतं सांगता आलं.

विम्याकडे बिलंही त्याच कागदाला जोडून जायची. प्रत्येक दाव्याखाली छापील ओळ असायची, ही औषधे मी स्वतःसाठी घेतली आहेत. त्याखाली ह्यांची सही. विमा दोघांचा होता, हप्ता दोघांचा जात होता, माझ्या नावानं दावा केला असता तरी तेवढेच पैसे मिळाले असते. फक्त कागद एक होता. पण सही होती. आयुष्यभर एक नोट कमी-जास्त झाली तर जेवायला घरी न येणाऱ्या माणसाची सही.

ह्यांचे धाकटे भाऊ गावाला लागूनच भाजीची वाडी करतात. बाजाराच्या दिवशी येताना माझ्यासाठी मेथी, वांगी टाकून जातात. त्यांना मी हे सगळं सांगितलं. ओसरीवर बसून ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "वैनी, एवढ्यासाठी तुमी तोंड पाडून बसल्या? सांगून टाका ना बॉ, खालची दवाई माही होती म्हनून."

"मग ह्यांनी खोट्या सह्या केल्या असं होते, भाऊजी."

"होऊ द्या. दादाले आता काय करतीन? नोटीस पाठवतीन? पाठवू द्या ना. पत्ता काय लिहितीन त्याच्यावर?"

मला हसू आलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा आलं, आणि हसता हसता दम लागला. भाऊजी घाबरले. पंप शोधायला आत धावले, सापडला तो उलटा माझ्या हातात कोंबला. दम खाली बसल्यावरच ते उठले. जाताना चप्पल घालता घालता म्हणाले, "दादाचं नाव तुमी कुठवर सांभाळसान? तुमाले काही झालं तं ते नाव कोन घेनार आहे घरात?"

मग मी निवृत्तांच्या संघटनेच्या सेक्रेटरींना फोन केला. ते अकोल्याचे, ह्यांच्या बरोबरीनं नोकरीला लागलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला, जणू शेजारी कोणी बसलं होतं.

"वहिनी, हे मला सांगितलं ते सांगितलं. आता कोणाला सांगू नका. जुन्या फायली उघडल्या तर सगळ्या दाव्यांची वसुली काढतील, तीही तुमच्या पेन्शनमधून. आणि त्यांचं नाव... आपल्या बॅचमध्ये अजून त्यांचं उदाहरण देतात हो."

"मग मी काय करू?"

"दुसरी योजना घ्या. डॉक्टरांकडे जा आणि आजार आत्ताच सुरू झाला म्हणून सांगा. नवा पेशंट. वर्षभर औषध पदरचं घ्या, पुढच्या वर्षी कागद जुना झाला की दावे सुरू. कोणाचं काही बिघडत नाही."

"वर्षभर हप्ताही भरायचा आणि पंपही घ्यायचा?"

"जमवा कसं तरी," ते म्हणाले.

मी हिशोब मांडून पाहिला नाही. मांडायची गरज नव्हती. पंप एक दिवसाआड ओढला, दूध बंद केलं, वर्तमानपत्र बंद केलं, तर कदाचित. एक दिवसाआड श्वास घ्यायचा, असं मनात आलं आणि मी पुस्तिका मिटली. पण दुसरा मार्ग दिसत नव्हता. ह्यांच्या सहीला हात न लावता मला फक्त एक खोटं बोलायचं होतं, तेही स्वतःच्या आजाराबद्दल. त्याचं एवढं काय?

मुदत संपायला आठवडाभर असताना मी वाशीमची एसटी धरली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मळणीयंत्रं लागली होती आणि सोयाबीनचा धुरळा खिडकीतून आत येत होता. काचा बंद होत नव्हत्या. मी पदर नाकाशी धरून बसले. कितीदा तरी मनात वाक्य घोकलं. यंदाच सुरू झालं, डॉक्टर. ह्या धुळीनं. मागं कधी नव्हतं. शाळेत कविता पाठ करताना जशी एक ओळ सारखी निसटते तसं शेवटचं वाक्य निसटायचं.

डॉक्टर थकल्यासारखे दिसले. ह्यांचं त्यांना कळलं होतं. "काकू, बसा," म्हणाले आणि स्टूल पुढे ओढलं. त्या खोलीत मी ह्यांच्याशिवाय कधी बसले नव्हते. त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. मोठा श्वास घ्या म्हणाले, मी घेतला, तो अर्ध्यातच अडकला.

मग त्यांनी नवा कागद घेतला आणि वर माझं नाव लिहिलं. आधी माझं, मधे ह्यांचं, मग आडनाव. वय लिहिलं. आणि विचारलं, "किती दिवसांपासून त्रास आहे?"

त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं. बहुधा सेक्रेटरींचा फोन त्यांनाही गेला असावा, मी विचारलं नाही. पेन कागदावर टेकवून ते वाट पाहत होते, आणि मी जे सांगेन ते लिहायला ते तयार आहेत हे मला दिसत होतं.

मी तोंड उघडलं. मागं कधी नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. आणि मला मानोऱ्याची भाड्याची खोली आठवली. तिथं मला पहिल्यांदा दम लागला होता. मी भिंतीला टेकून बसले होते आणि हे समोर उकिडवे बसून, "हळू, हळू, माह्यासंगं घे," म्हणत स्वतः श्वास घेऊन दाखवत होते. नंतर पंप आला तेव्हा तो हलवून, टोपण काढून, माझ्या हाती देणं हे त्यांचं काम झालं. मी विसरेन म्हणून नाही, हलवायला जेवढा वेळ लागतो तेवढाही मला तेव्हा धीर नसायचा म्हणून. मागं कधी नव्हतं असं म्हटलं की हे सगळं झालंच नाही असं होणार होतं. मला कधी दम लागला नाही, कोणी समोर बसलं नाही, कोणी पंप दिला नाही. त्यांचं नाव राहिलं असतं. ते राहिले नसते.

"पुष्कळ वर्षांपासून आहे," मी म्हटलं. "तुम्हाला ठाऊक आहे. ह्यांच्या कागदावर खालची औषधं असायची, ती माझी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काकू, हे लिहिलं तर मला तसंच लिहून द्यावं लागेल. विचार केलाय ना?"

"केला नाही. लिहा."

त्यांनी लिहिलं. पती-पत्नी दोघांची औषधं एका कागदावर लिहिली जात होती, दम्याची औषधं पत्नीसाठी होती. खाली सही, शिक्का. फी घेतली नाही. मी ती टेबलावर ठेवून आले. आता कागद माझ्या एकटीचा होता.

परत येताना मला हलकं वाटलं नाही, भीती वाटली. मालेगावला उतरल्यावर स्टँडच्या बाकावर बसून राहिले. मी काय करून बसले ते तिथं हळूहळू कळायला लागलं. सरळ घरी जाऊन तो कागद फाडता आला असता. तसं केलं नाही, त्यामागे धैर्य नव्हतं. दुसऱ्या योजनेचा अर्ज भरून त्याला तो कागद जोडला आणि दुसऱ्या दिवशी पाठवून दिला.

डॉक्टरांकडून कळलं असावं, सेक्रेटरींचा फोन आला. "वहिनी, हे काय केलंत तुम्ही?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "निदान मला विचारायचं तरी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज रडवेला झाला. ह्यांच्यासाठी रडणारं माणूस मला दुखावता येत नव्हतं, म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या योजनेचा हप्ता पेन्शनमधून कापला गेला. दिवाळी आमच्याकडे यंदा नव्हतीच. जावेनं डब्यात थोडं काही पाठवलं, ते भाऊजी दारात ठेवून गेले.

मग विम्याचं पत्र आलं. आपल्या पतीचे जुने दावे फेरतपासणीस घेतले आहेत. निर्णय होईपर्यंत आपले औषधांचे दावे प्रलंबित राहतील. पतीच्या नावावरील औषधांपैकी कोणती आपण घेत होता आणि कोणत्या कारणाने, याचा खुलासा सोबतच्या जागेत करावा.

सोबतची जागा म्हणजे चार रेघा. भाऊजींना पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, "लिहा ना, एकच फी लागे म्हनून. झालं." ते बरोबरच आहे. तेवढंच कारण आहे. पण मी लिहायला बसते आणि पहिली रेघ मानोऱ्याच्या खोलीतच संपते. पुढच्या रेघेत हे एकटे डॉक्टरांकडे का जायचे ते येतं. मग दुसरा कागद घ्यावा लागतो, आणि विम्याच्या साहेबाला त्यातलं काही नको असतं. पुस्तकं वाचून मला एवढंही येत नाही.

खुलासा गेला नाही तर दावा पुढे जाणार नाही. सकाळचा पंप मी ओढते, संध्याकाळचा राहू देते. जवळच्या शेतात अजून कोणाचं तरी मळणीयंत्र चालू आहे, म्हणून खिडक्या लावून घेतल्या आहेत. आज पुन्हा बसले आहे. दोन ओळी लिहून होतात आणि श्वास लागतो. मग पेन ठेवते, भिंतीला टेकते, आणि आपल्या आपण हळू, हळू म्हणत तो परत येण्याची वाट पाहते.