अर्धी राहिलेली नाव

त्या दिवशी सकाळी आमी दोघांनी नावेत पाणी ओतलं. नावेखाली पाणी नव्हतं म्हणून आत ओतलं. गोदावरीचं पात्र कोरडं पडलेलं, आणि मच्छीमार सोसायटीची पत्र्याची नाव दगडांवर कलती ठेवलेली. मी वरून टँकरचं पाणी ओतायचो, बायको खाली उताणी पडून बघायची. थेंब दिसला की तिथं माझ्या तंबाखूच्या डबीतला चुना बोटानं लावायची. त्या ठिपक्यावर सोसायटीनं डांबर भरायचं. पाणी वाया न्हाई जायचं. घमेल्यात धरून शेळीला.

हे काम आमाला कुणी सांगितलेलं न्हाई. एका वर्षी ही नाव भर नदीत पाण्यानं भरली, आणि बायको तेलाच्या रिकाम्या डब्याला धरून काठाला लागली. तवापासून ती घरोघर जाऊन बायांना सांगायची, डबा घेतल्याबिगर नावेत पाय ठिवू नका. आणि दुष्काळ असो नसो, वर्षातून एकदा नाव तपासायचीच.

लोक हसायचे. "प्यायला पानी न्हाई, आन म्हातारी नावेला पाजतीय!"

ती नावेखालून ओरडायची, "तुला बी पाजते, ये. आडवा पड हितं."

त्या दिवशी पुढचा अर्धा भाग झाला. तीन ठिपके निघाले, पाणी संपलं. "मागचं उद्या बघू," ती म्हणाली, "हंडा भरून ठिवते." भरून ठेवला. दुपारी भाकरी खाऊन भिंतीला टेकली, ती टेकलीच. तेलगावहून लेक आली आणि दिवस बुडायच्या आत माती झाली.

लोक परतताना सोसायटीचा चेअरमन म्हणाला, "वरच्या धरणातून पानी सोडलंय. उद्या दुपारी पोचंल. नाव घालू, बाया पल्याड बाजाराला जातील."

"अर्धी तपासायची राहिलीय," मी म्हणालो.

"तीन ठिपके बुजवलेत की, आप्पा. तुमी घरी जावा."

सकाळी उजाडताच मी हंडा उचलला. लेक दारात आडवी आली. "आप्पा, आईच्या हातचं शेवटचं पानी हाय त्ये. ऱ्हाऊ द्या."

"नावेसाठीच भरलंय तिनं."

नावेपाशी चेअरमन होता, धरणाच्या पाण्याची वाट बघत गठुडी घेऊन बसलेल्या बाया होत्या. तो म्हणाला, "सुतकात सोसायटीच्या नावेला हात लावता?"

"सुतक मला हाय, नावेला न्हाई. हो बाजूला."

पहारीनं मागचा दगड काढला, नाव मागं कलली. पाणी ओतलं. दोघांचं काम एकट्याला करायचं, म्हणून मग खाली शिरलो. गुडघे वाकंनात, कोपरावर सरकलो. बराच वेळ काही दिसंना.

"कोरडी हाय की," वरून चेअरमन. "उठा आता."

तेवढ्यात मागच्या जोडापाशी थेंब सुटला आणि माझ्या कपाळावर पडला. मागून दुसरा. मी चुना लावला आणि त्याला वाकून बघायला लावलं.

"येवढ्यानं काय बुडतीय? एक फेरी होऊ द्या, संध्याकाळी डांबर लावू."

एका बाईनं गठुडं खाली ठेवलं. मी खालून निघालो, नावेत चढलो आणि बायकोनं भरलेल्या पाण्यात मांडी घालून बसलो. सोसायटीनं डांबर तापवून आणलं, तवाच उठलो.