पीचचे पाव आणि मोदकांचा हात

सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे कॅनडात, मार्कहॅमला आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांना काही काम उरलं नाही. भांडी डिशवॉशर घासायचा, नात इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि कॉलिंग कार्डावर रोज तेच तेच ऐकून पुण्यातल्या बहिणीही कंटाळल्या होत्या. राहिले मी. मग त्या मला सुधारायला लागल्या.

शेजारच्या चिनी आजींशी त्यांची कुंपणावरून गट्टी जमली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण सुनेची तक्रार हातवाऱ्यांनी उत्तम सांगता येते.

आजींना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. त्यांच्याकडे वाढदिवसाला पीचच्या आकाराचे, आत गोड सारण भरलेले पाव वाफवतात, दीर्घायुष्य लाभावं म्हणून. दरवर्षी त्या स्वतः करायच्या, पण आता हात थरथरत होते. त्यांची सून म्हणाली, बेकरीतून आणू. त्यावर आजींनी दोन दिवस अबोला धरला, हे त्या बिचारीनेच मला सांगितलं.

मी घरी विषय काढला. "सारण भरून वाफवायचं ना? मी करते की," सासूबाई म्हणाल्या. विमानतळावरून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला होता.

शनिवारी सकाळी आम्ही आजींच्या स्वयंपाकघरात. लाल कडधान्याचं गोड सारण चाखून सासूबाईंनी निकाल दिला, "पुरणच आहे. वेलची विसरल्यात." यीस्ट घातलेलं पीठ टम्म फुगलं होतं. आजींनी एक पाव करून दाखवला: तोंड खाली, टोक वर, सुरीच्या पाठीने एक खाच. सासूबाईंची बोटं मात्र सवयीने कळ्या पाडायला जायची, की आजी हातावर चापटी मारायच्या. हे दृश्य मला अजून बराच वेळ चाललं असतं.

बारा पाव ताटात मांडून, वर फडकं घालून आजी लाल रेशमी जाकीट घालायला वर गेल्या. त्यांची सून आणि मी बेसमेंटमधून खुर्च्या आणायला गेलो.

वळलेला मोदक तसाच ठेवला तर सुकतो आणि वाफेत फुटतो, हे मी दर गणपतीत बोलणी खात शिकलेय. सासूबाईंनी ते ताट पाहिलं, सुनांचा आळस म्हणून मान हलवली आणि सगळे पाव उकडायला लावले. पावांना मात्र पुन्हा फुगायला अर्धा तास लागतो.

झाकण काढलं तेव्हा आत बारा गोटे होते. पाहुणे एक वाजता येणार होते. काय चुकलं ते आजींच्या सुनेने सांगितलं, मी मराठीत सांगितलं. सासूबाई खुर्चीवर बसल्या.

"आता माझा कुठेच उपयोग नाही," त्या हळूच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं, आणि तेही त्यांच्यासाठी, याचं मलाच नवल वाटलं.

आजी खाली आल्या. एक पाव उचलून त्यांनी टेबलावर आपटला. टक्क आवाज आला. त्या काहीतरी म्हणाल्या आणि त्यांची सून हसत सुटली. "म्हणतायत, हा माझ्यापेक्षा जास्त जगेल."

मग त्यांनी उरलेलं पीठ सासूबाईंपुढे सरकवलं, किचन टायमर तिसावर फिरवला आणि त्यांच्या हातात दिला.

सासूबाईंनी आजींचा तो थरथरता हात धरला. "सॉरी," म्हणाल्या.

माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. हा शब्द त्यांना येतो, हे मला त्या दिवशी कळलं.